मुसकं

पहिलं पाणी

सराफ बाजारातली दुकानं उघडायच्या आत केरू आणि भागुबाई गल्ली झाडून घ्यायचे. सायखेड्याहून पहिल्या एसटीनं नाशिकला यायचं, दोन कुंचे, दोन पोती. केरू पायऱ्यांचे कोपरे, फरशीच्या फटी, गटाराच्या जाळीखालचा चिखल काढायचा. भागुबाई मागून भरायची. कानशीतून उडालेला, चपलेला चिकटून बाहेर आलेला, कारागिरानं हात धुताना मोरीत गेलेला सोन्याचा कण त्या घाणीत असतो. तो धुऊन काढतो तो झारेकरी. केरूचा बापही झारेकरीच होता.

यंदा घाण हलकी झाली होती. कारागिरांच्या पायाखाली चटया आल्या. धूळ ओढून घेणारी यंत्रं आली. मोरीच्या पाण्यालासुद्धा आता टाकी होती.

"काका, पायरीच्या आत नाय," नवा रखवालदार म्हणाला.

"काल तर आत झाडलं."

"आज कॅमेरा हाय. कुंचा इथंच झटका."

केरूनं कुंचा झटकला.

"पायजमा बी."

केरूनं पायजम्याच्या मोहऱ्या वर करून झटकल्या, एक पाय, मग दुसरा. भागुबाई पोत्याचं तोंड बांधत होती. गाठ बसली तरी ती बांधतच राहिली.

दुपारी गोदावरीत, गुडघाभर पाण्यात. काथवट म्हणजे उथळ लाकडी परात, बापाच्या हातची, कडा झिजून जिभेसारख्या पातळ झालेल्या. पहिल्या पाण्यात केस, सुपारी, कागद गेला. दुसऱ्यात माती गेली. मग केरू कमरेत वाकून काथवट हलवत राहिला, पुढं, मागं, थोडी तिरकी. शेवटी काठाला काळ्या वाळूची एक रेघ उरली. त्याला आता नीट दिसत नसे. त्यानं बोटाचं टोक जिभेवर ओलं केलं, रेघेला लावलं, पुन्हा जिभेवर ठेवलं.

वाळू कुरकुरते. पितळ आंबट लागतं. सोनं नुसतं बसून राहतं.

"हाय?" भागुबाईनं विचारलं.

केरूनं जीभ बाहेर काढली. तिच्यावर एक पिवळा ठिपका होता. भागुबाईनं तो नखानं डबीत घेतला. बाकी सगळी वाळू त्यानं दोनदा चाखली. काहीच बसलं नाही.


दुसरं पाणी

ढीग घरामागं होता. धुतलेल्या मातीचा, माणसाच्या डोक्याइतका उंच. ती माती नदीत टाकली की खालचे लोक भांडत, म्हणून बापानं धुतलेली मळी घरी आणायची रीत पाडली आणि केरूनं ती मोडली नाही. त्यावर धोतरा उगवे. शेळ्या त्याच्यावर चढून गाव बघत.

त्यांचा मुलगा ज्ञानेश सिन्नरला दागिन्यांवर सोन्याचं पाणी चढवायच्या, प्लेटिंगच्या एका कारखान्यात होता. कारखाना पावसाळ्यात बंद पडला तेव्हापासून तो घरी होता आणि ढिगाकडं बघत होता.

"आबा, ह्याच्यात सोनं हाय."

"होतं ते मी काढलं."

"मोठं काढलं. पिठापरीस बारीक असतं ते पाण्यावर तरंगून जातं. तुमच्या हातातनं निसटलेलं सगळं ह्याच्यातच बसलंय."

केरू विडीचं थोटूक विझवत होता. विझल्यावरही तो ते जमिनीवर घासत राहिला.

"माझ्या हातातनं?"

"तुमच्या म्हंजी कुणाच्या बी."

"माझा बाप होता ह्याच्यात. त्याच्या बी हातातनं?"

"आवं, हाताचा दोष नाय त्यो," भागुबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "पोरगं बारीक म्हणतंय. बारीक कुणाला धरता येतं?"

"ह्याला येतं वाटतं."

"सायनाईडला येतं," ज्ञानेश म्हणाला. "माती भिजवून ठिवायची. सोनं पाण्यात विरघळतं."

केरू हसला. घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं होतं. "सोनं विरघळत नाय, ग्यान्या. म्हणून तर त्याला सोनं म्हणत्यात. ही गंमत कुणी शिकवली?"

"मी रोज बघायचो. त्याच पाण्यातनं बांगड्यांवर चढायचं."

"आन् ते इख असतंय ना?" भागुबाईचा हात परातीत थांबला.

"असतंय."

तव्यावरची भाकरी करपली. ती त्या दिवशी ज्ञानेशनंच खाल्ली.


पाणी नाही

"आये, आधी चुना. चुन्याबिगर सायनाईडला पाणी दावायचं नाय."

"बरं."

"तेजाब, लिंबू, चिंच, ताक, आंबट काय बी जवळ आणायचं नाय. आंबट लागलं की त्याचा वायू होतो. वास येईल न येईल, माणूस जागेवर बसतो."

"चिंचेची बरणी मी शेजारी लहानूच्या घरी ठिवते."

"शेळ्या बी. तिकडंच बांध."

"बरं."

"एकट्यानं ड्रमापाशी जायचं नाय. हातमोजं घालायचं. आन् आबा..."

"काय?"

"तोंडाला हात लावायचा नाय."

"मग कळायचं कसं?"

"कळायचं नाय. शेवटी भट्टीतनं येईल तवा कळंल."

"तवर?"

"तवर नाय."

"मी हात लावायचा म्हणून लावत नाय रं. तो जातो."

"तेच म्हणतोय मी."


तिसरं पाणी

निळे ड्रम आले. सनी नावाचा ज्ञानेशचा जुना जोडीदार मोटारसायकलवर एक बंद डबा ठेवून गेला. चहाला थांबला नाही. सायनाईडचा तो डबा सनीकडं कुठून आला हे ज्ञानेशनं सांगितलं नाही. डबा त्यानं घराबाहेर, जुन्या लोखंडी पेटीत कुलूप लावून ठेवला आणि किल्ली गळ्यात अडकवली.

ड्रमांखाली जाड प्लॅस्टिक अंथरलं, कडेनं विटा लावून पाळ केली. केरूनं ढीग एका बाजूनं फोडला. वरची माती करडी होती. आत फावडं शिरलं तशी ती काळी होत गेली आणि तिला जुन्या मोरीचा वास यायला लागला. केरू थांबला, चिमूट उचलली, नाकाशी नेली.

"ही मोहरमच्या गल्लीची नाय, तिवंध्याच्या गल्लीची," तो म्हणाला. "डाग द्यायचा टाकणखार हाय हिच्यात." आणि चिमूट जमिनीकडं जायच्या ऐवजी ओठांकडं गेली.

"आबा!"

चिमूट खाली पडली.

"अजून औषध टाकलंय का? नुसती माती हाय."

"आज नुसती हाय. उद्या नसंल. हाताला काय कळतं?"

त्या संध्याकाळी भागुबाईनं धान्याच्या गोणीचा तुकडा कापला, त्याला आतून जुन्या साडीचं अस्तर लावलं. नाकाला जागा सोडली. चार बंद लावले, दोन कानाच्या वर, दोन मानेखाली. सकाळी केरू फावडं घ्यायला वळला तेव्हा तिनं मागून ते त्याच्या तोंडावर बसवलं आणि गच्च बांधलं.

"हे काय?"

"काय नाय. काम करा."

"सोड. बैल हाय का मी?"

"बैलाला तरी कणसं खायाची असत्यात. तुम्हाला इख चाटायचंय. मुसकं काय सोडणार नाय मी. पाणी प्यायचं आसंल तर मला हाक मारा, मी हात धुवून सोडीन."

केरूनं मागं हात नेला. गाठी अशा जागी होत्या की त्याची थरथरती बोटं तिथं पोचली तरी त्यांना काही करता येईना. वाळूतलं सोनं धरायच्या पाऱ्यात आयुष्य गेलं होतं त्या बोटांचं. पाऱ्याचा धूर भागुबाईनं चुलीवर बघितला होता. तेव्हा केरूला कुणी मुसकं घातलं नव्हतं, कारण कुणी सांगितलं नव्हतं.

लहानू बांधावर आला. त्याचे झेंडूचे दोन बिघे खालच्या अंगाला होते, आणि त्यांच्या मधोमध विहीर.

"काय केरूभाऊ, मळणी सुरू केली का?"

केरू काहीतरी बोलला. कापडातून नुसतं गुरगुरणं बाहेर आलं.

"काय म्हणतो गं, वयनी?"

"तुमच्या म्हशीची ख्यालीखुशाली इचारत्यात."

लहानू पोटभर हसला. मग हसणं पुसल्यासारखं करून ज्ञानेशकडं वळला. "परवानगी लागती ना रं ह्याला?"

ज्ञानेश चुना चाळत होता. तो चाळतच राहिला.

"नाय, तू शिकलेला हायेस, तुला कळत आसंल. माझं म्हणणं येवढंच, दसऱ्याला फुलं जायची हायेत माझी. आन् त्या विहिरीत मासे हायेत. मी रोज सकाळी डोकावतो. ज्या दिवशी उताणे दिसतील त्या दिवशी मी तुझ्याकडं येणार नाय, तिकडं जाईन जिथं जायला पायजे."

"थेंब खाली येणार नाय, लहानूकाका."

"मासे सांगतील."

माती ड्रमात गेली, चुना गेला, पाणी गेलं. ज्ञानेशनं चष्मा लावला, रबरी हातमोजे चढवले, सगळ्यांना वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं केलं आणि डबा उघडला. काही झालं नाही. धूर नाही, बुडबुडा नाही. त्यानं लांब बांबूनं ड्रम ढवळले, झाकणं लावली. नुसता चिखल, रोजच्यासारखा.

केरू बराच वेळ त्या झाकणाकडं बघत राहिला.


तेच पाणी

ज्ञानेश जस्ताची पूड आणायला नाशिकला गेला होता. भागुबाई लहानूच्या बांधावर शेळ्यांना पाला टाकत होती. दुपारचं ऊन ढिगाच्या फोडलेल्या कुशीत भरलं होतं.

केरूला मुसकं होतं. तो घरात गेला आणि काथवट घेऊन बाहेर आला.

ड्रमाचं झाकण त्यानं बाजूला केलं. हातमोजा एकच सापडला, तो डाव्या हातात चढवला. उजव्या हातानं काथवटीचा कान धरून ती आत बुडवली आणि चिखल उचलला. विटांच्या पाळीच्या आत, प्लॅस्टिकवर तो बसला. नदी नव्हती, म्हणून ड्रमावरचंच पाणी काथवटीत घेतलं. पुढं, मागं, थोडी तिरकी. माती सुटली. काळी वाळू काठाला येऊन रेघ धरून उभी राहिली, जशी ती नेहमी राहायची.

त्यानं पाहिलं. त्याला दिसलं नाही. ह्याच ढिगाची माती त्यानं मागच्याच आठवड्यात, औषध टाकायच्या आधी, चोरून धुतली होती, आणि तिच्यात दोन बारीक ठिपके जिभेला लागले होते. म्हणजे पोरगं खोटं बोलत नव्हतं. सोनं होतं. आता ह्या रेघेत ते असायलाच हवं होतं.

उजव्या हाताचं बोट रेघेला लागलं.

भागुबाई बांधावरून उतरत होती. तिला लांबून दिसलं ते एवढंच: नवरा उकिडवा बसलेला, त्याचा हात वर गेलेला, आणि तोंडाशी जाऊन थांबलेला. पुन्हा खाली. पुन्हा वर. जसा आंधळा माणूस ओळखीच्या घराचं दार शोधतो आणि तिथं भिंत लागते.

ती पळाली नाही. पळाली असती तर तो दचकला असता. ती चालत आली, पाळीच्या बाहेर थांबली.

"हात खाली ठिवा."

त्यानं ठेवला.

"उठा. कशाला बी हात नका लावू. माझ्यामागं या."

मुसक्यावर ओठांच्या जागी एक ओला ठसा होता. बोटाच्या टोकाएवढा. दुसरा त्याच्या शेजारी.

तिनं ज्ञानेशचे दुसरे, नवे हातमोजे चढवले. घागरीच्या पाण्यानं आधी त्याचे हात धुतले, कोपरापर्यंत, साबणानं, मग पुन्हा. मग मागून गाठी सोडल्या, मुसकं पुढून दूर धरून उचललं आणि ड्रमाशेजारी टाकलं. चेहरा धुतला. ओठ मिटलेले होते.

"उघडू नका. जीभ लावली का? मान हलवा."

त्यानं नाही म्हणून मान हलवली. मग थोड्या वेळानं, म्हणजे नक्की सांगता येत नाही, अशी हलवली.

ती पुन्हा धुवायला लागली.


दवाखान्याचं पाणी

लहानूनं जीप काढली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी केरूच्या डोळ्यांत बॅटरी मारली, नाडी बघितली, बोटाला चिमटा लावला, नाकाशी प्राणवायूची नळी दिली.

"डोकं दुखतंय? गरगरतंय? छातीत?"

"डोकं सकाळपून दुखतंय. बांधलं व्हतं ना गच्च."

"काय बांधलं होतं?"

केरू भागुबाईकडं बघू लागला.

"काय काम करता तुम्ही?"

"धुणं."

"कपडे?"

"माती."

भागुबाईनं सगळं सांगितलं. लपवायचं ठरलं होतं ते सुद्धा. डॉक्टरीणबाईंची लेखणी थांबली.

"पोटात गेलं असतं तर ह्याचं औषध माझ्याकडं नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "नाशिकला पाठवावं लागलं असतं. आणि हे नाशिकपर्यंत थांबत नाही. कळतंय का? हे कापड कुणी शिवलं?"

"म्या."

डॉक्टरीणबाईंनी तेही कागदावर लिहून घेतलं. मग त्यांनी केरूला संध्याकाळपर्यंत समोरच्या खाटेवर, नजरेसमोर ठेवायला सांगितलं.

ज्ञानेश आला तेव्हा अजून ऊन होतं. जस्ताची पुडी त्याच्या हातातच होती. तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला.

"काय दिसलं आबा काथवटीत?"

"आरं, बाप मरता मरता वाचला आन् हे इचारतोस व्हय?" लहानू म्हणाला.

"इचारू दे," केरू म्हणाला. "काय नाय दिसलं. वाळू व्हती. नुसती." तो छताकडं बघत होता. "खरंच विरघळलं रं त्ये. येवढं सोनं, आन् पाणी झालं."

ज्ञानेशनं पुडी खिशात घातली. ती नीट बसेना. त्यानं काढून पुन्हा घातली. मग तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला आणि त्याचे खांदे हलू लागले. भागुबाई उठली नाही. तिनं केरूचा हात धरला होता, मनगटाशी, नाडी लागते तिथं.


शेवटचं पाणी

एकदा ड्रम भरले होते ते तसेच टाकून चाललं नसतं. ज्ञानेशनं गाळून पाणी वेगळं केलं, जस्त टाकलं, आणि ते सोनं जे पाणी झालं होतं ते तळाला काळा गाळ होऊन बसलं. काळं, काजळीसारखं. पुढं ते साफ करायला तेजाब लागतो.

"तेजाब म्हणाला व्हतास नको," भागुबाई म्हणाली.

"म्हणून इथं नाय करायचं. लय पाण्यानं धुतो, वाळवतो, आन् भट्टीवाल्याला खरं सांगून देतो. त्यांच्याकडं धूर ओढायची सोय हाय."

"खरं सांगून?"

"खरं सांगून. नाय म्हणाला तर नाय."

उरलेल्या पाण्यात आणि चिखलात त्यानं ब्लिचिंग पावडर कालवली. एकदा, पुन्हा, आणि मग डब्यातली उरलेली सायनाईडची भुकटी सनीला परत नेऊन दिली. सनी नको म्हणत होता. ज्ञानेश ती त्याच्या दारात ठेवून आला नाही, त्याच्या हातात दिली, आणि कारखान्याच्या जुन्या मुकादमाला फोन लावून सनीच्या देखत सांगितलं की हे तुमच्याकडं जमा होतंय. परत येताना सिन्नरला एका कारखान्याच्या फाटकावर कामासाठी नाव लिहून आला.

काथवट प्लॅस्टिकवर पालथी पडलेली होती.

"धुतली की झाली," केरू म्हणाला.

"लाकूड हाय, आबा. तिनं ते पाणी पिलं. मी किती बी धुतली तरी तुम्हाला सांगू शकणार नाय, की आता हाय ती चांगली. आन् तुमचं बोट तिच्यातनं तोंडात जातं."

लाकूड पाणी पितं हे केरूला माहीत होतं. कोरडी काथवट हलकी आणि नदीतून आलेली जड, हे त्याच्या खांद्यानं आयुष्यभर उचललं होतं.

"फोडू नको," तो म्हणाला.

ब्लिचिंगच्या पाण्यात ती बुडवून ठेवली. ती वर येत राहिली, म्हणून ज्ञानेशनं तिच्यावर दगड ठेवला. नंतर ढिगाच्या फोडलेल्या कुशीत खड्डा केला, तिला आत ठेवलं, वरून माती ओढली. ढिगावर प्लॅस्टिक घातलं आणि कडेनं विटा.

लहानू सकाळी विहिरीत डोकावला. मग तो बांधावर आला.

"मासे?" भागुबाईनं विचारलं.

"नाष्ट्याला काय मिळंल का म्हणत व्हते."


खंडेनवमी

भागुबाईनं अंगण सारवलं आणि पाट मांडला. आज ज्यानं पोट भरतं त्याची पूजा. कुंचे ठेवले, चाळणी ठेवली, फावडं धुऊन आडवं ठेवलं. मध्ये काथवटीची जागा होती. दरवर्षी ती सगळ्यात आधी मांडली जायची आणि बाकी सगळं तिच्या भोवती. आता भागुबाईनं कुंचे थोडे आत सरकवले, फावडं तिरकं केलं. जागा भरेना.

लहानूनं टोपलीभर झेंडू आणून ओतला. "बाजारात न्यायच्या आधी तुम्हाला. माझ्या विहिरीच्या पाण्याचा हाय," तो म्हणाला आणि ज्ञानेशकडं बघून थांबला.

ज्ञानेशनं खिशातून कागद काढला, उघडला. ज्वारीच्या दाण्याएवढा मणी, पिवळा. भट्टीवाल्यानं नाही म्हटलं नव्हतं, त्याचा वाटा तेवढा ठेवून घेतला होता.

"घ्या आबा. आता काय नाय त्याच्यात. आगीतनं आलाय."

केरूनं मणी तळहातावर घेतला. एवढ्या ढिगाच्या एका कुशीतनं एवढा. बापाच्या हातून निसटलेलं, त्याच्या हातून निसटलेलं. त्याचा हात वर निघाला. हात हनुवटीपर्यंत गेला आणि तिथं राहिला.

भागुबाईनं त्याच्या हातातून मणी घेतला आणि आपल्या जिभेवर ठेवला.

"आये!"

तिनं ज्ञानेशला हातानं थांबवलं. ओठ मिटून ती उभी राहिली, केरूकडं बघत. कोंबडी अंगणातून गेली. मग तिनं मणी काढला, पदराला पुसला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

"आता तुम्ही."

केरूनं तो चाखला नाही. त्यानं मणी पाटावर, चाळणीत ठेवला.

"ढिगाचं काय करायचं मग?" ज्ञानेशनं विचारलं. "निम्मा बी झाला नाय."

"ऱ्हाऊ दे. माझा बाप हाय त्याच्यात, कुठं पळतोय. कुणी परवाना घेऊन आला, तेच्याकडं धूर ओढायची सोय आसली, तर बघू."

तो घरात गेला. आत खुंटीवर भागुबाईनं दुसरं शिवून ठेवलेलं मुसकं होतं, कोरं, अजून कुणाच्या तोंडाला न लागलेलं. ड्रमाशेजारी टाकलेलं जुनं तिनं काथवटीबरोबर पुरलं होतं. केरूनं ते खुंटीवरून काढलं, बाहेर आणलं, आणि पाटावर मधल्या मोकळ्या जागेत ठेवलं. बंद नीट सरळ केले, चारही.

लहानूनं झेंडूचं एक फूल त्याच्याकडं सरकवलं.

भागुबाईनं कुंच्यांना हळदकुंकू लावलं, फावड्याला लावलं, चाळणीला लावलं. मग तिचं बोट मुसक्यापाशी आलं, आणि ओठांची जागा कुठली हे तिला बघावं लागलं नाही.